मागून पाहिलेला बैल

वाशीमच्या तहसील कचेरीसमोर बसणाऱ्या टायपवाल्या चाचांइतकं इंग्रजी उभ्या वऱ्हाडात कोणी बडवलं नसेल, आणि इतकं बडवूनही त्या भाषेशी त्यांच्याइतका कमी घरोबा कोणी ठेवला नसेल. अर्जाला लागणारे दीड-दोनशे शब्द त्यांना पक्के येत. त्यापलीकडचं इंग्रजी हे साहेबलोकांचं घरगुती प्रकरण आहे, आपण त्यात नाक खुपसू नये, असं त्यांचं मत होतं. अक्षरांवर मात्र त्यांचा फार जीव. ती वाचण्यासाठीच असतात, हे त्यांना मान्य नव्हतं एवढंच. एक्स म्हणजे त्यांच्या लेखी काळी माती आणि म्हशीची पाठ, ओ म्हणजे डोळे, हंडे आणि गाडीची चाकं, कंस म्हणजे शिंगं, आणि पूर्णविराम म्हणजे उन्हातली धूळ. साहेबाला लिहिलेल्या अर्जाच्या डोक्यावर ते या सगळ्यांतून एक चित्र उभं करीत आणि मग खाली नाइलाजाने मजकूर टाइप करीत.

ही दुसऱ्या लढाईच्या आधीची गोष्ट. कचेरीच्या भिंतीला लागून लिंबाच्या सावलीत तीन अर्जनवीस बसत. दोघांकडे दौत-टाक आणि चाचांकडे कुठल्याशा मोडीत निघालेल्या ऑफिसातून आणलेला टाइपरायटर. थंडीत ते त्याला आपल्या नातवाची जुनी कानटोपी चढवीत आणि सकाळी काढताना "उठा मियाँ" असं म्हणत. त्यांचं घराणं सतरंज्या विणणाऱ्यांचं. बाप धागे मोजून सतरंजीत मोर काढायचा, मुलगा अक्षरं मोजून कागदावर काढायचा. दुपारची नमाज आणि सुपारी सोडली तर दिवसभर त्यांच्या तोंडात मोजणीच असे. एखादा पक्षकार भावाशी झालेल्या भांडणाची हकिकत सांगत असला तरी हे मधूनच "अठ्ठाईस, उनतीस" म्हणत, आणि तो बिचारा आपल्यावर किती कलमं लागली असं समजून घाबरून जाई.

मी त्यांचा शिष्य झालो तो पोटासाठी. कापसाच्या जिनातली नोकरी सुटली होती, घरात बायको आणि दोन लेकरं, आणि टायपिंग येत असलं तर कचेरीत चिकटता येईल असं कोणीतरी सांगितलं. चाचांनी शिकवायचं कबूल केलं, पण पहिला धडा दिला तो लोट्याचा. कागदाच्या मधोमध पेन्सिलीने एक उभी रेघ मारायची. वरच्या ओळीत रेघेच्या दोन्ही अंगांना चार-चार एक्स, गळ्याशी दोन-दोन, पोटाशी दहा-दहा, बुडाशी पुन्हा चार-चार. लोटा उभा राहिला की मग ऊन आणि सावली. उन्हाच्या बाजूला नुसते पूर्णविराम, सावलीत एक्स, आणि अगदी काळं हवं असेल तर त्याच जागी एक्सवर एम मारायचा. ओळींमधली फट दिसू नये म्हणून रूळ अर्धाच फिरवायचा. "आंधी मोज, मंग मार," हा त्यांचा मंत्र. माझा पहिला लोटा पाहून त्यांनी गंभीरपणे विचारलं, "बाबू, याच्यात पानी टाकलं तं राहीन का?" तिसऱ्या आठवड्यात मी मांजर काढलं. त्यांनी ते आडवं धरलं, उभं धरलं आणि म्हणाले, "हे बसून राह्यलं का मरून राह्यलं?" महिनाभरात मला हंडा, कोंबडा आणि बैलगाडी न बघता काढता येऊ लागली. 'सर' हा शब्द मात्र अजून शोधावा लागे.

एकदा वैतागून मी त्यांना विचारलंच, की साहेबाला चित्र कशाला दाखवायचं? चाचांनी हात थांबवला. असं ते क्वचितच करीत. म्हणाले, "साहेबाले काहून? साहेबाले वाचता येते. हा जो मानूस अर्ज घेऊन जाते ना, त्याले वाचता येत नाई. त्यानं आंगठा कशावर मारावा? त्याले आपलं झाड तरी दिसू दे, आपली म्हैस तरी दिसू दे." आणि खरोखरच लोक आपला अर्ज हातात धरून, चित्राकडे पाहून हसत आणि मग बेधडक अंगठा उठवीत. शेजाऱ्याचा कोंबडा त्रास देतो अशी तक्रार घेऊन आलेल्या एका गृहस्थाने तर चित्र पाहून तक्रारच मागे घेतली होती. कोंबडा इतका रुबाबदार आला होता, की आपणच काही चुकलो असं त्याला वाटलं.

जुने तहसीलदार हे सगळं चालवून घेत. नवे आले ते शिस्तीचे. त्यांनी दोन अर्ज चित्रावर तांबडी रेघ मारून परत पाठवले आणि चाचांना बोलावून सांगितलं, की पुन्हा चित्र दिसलं तर बसायचा परवाना जाईल. चाचा परत आले, टाइपरायटरची कानटोपी काढली आणि आठ दिवस नुसता मजकूर टाइप केला. ते आठ दिवस माझं टायपिंग फार सुधारलं.

नवव्या दिवशी मेडशीचा एक कास्तकार आला. बाजाराला येताना त्याचा बैल दावं तोडून पळाला होता आणि वाशीमच्या कोंडवाड्यात सापडला होता. अंगावर डाग नाही, खूण नाही. तो याचाच कशावरून, असं कारकून विचारीत होता, आणि दुसऱ्या दिवशी बेवारशी जनावरांचा लिलाव होता. "जोडीचा बैल तीन दिसापासून चारा खात नाई चाचा," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. चाचांनी कागद काढला. मी हळूच परवान्याची आठवण करून दिली. ते म्हणाले, "पांढरा बैल असं लिवलं तं वाशीमात शंभर सापडतीन. कोन्तं शिंग मोडलं रे याचं?"

"डावं," कास्तकार म्हणाला.

मग पाऊण तास मोजणी चालली. बैलाचा चेहरा समोरून आला, रुंद कपाळ, ओलं नाक, एक कंस पुरता आणि डाव्या हाताचा अर्धा. खाली मजकूर एवढाच, की वरील चित्राप्रमाणे शिंग असलेला बैल अर्जदाराचा आहे. कास्तकाराने चित्र पाहिलं आणि त्याचे डोळे भरून आले. "असाच दिसते तो," म्हणाला. त्यानंतर माझी करामत उघडकीला आली. नक्कल घ्यायला मी कार्बन घातला होता, तो उलटा. नकलेचा कागद कोरा राहिला आणि अर्जाच्या पाठीवर सगळा बैल काळाकुट्ट उमटला. पुन्हा टाइप करायला वेळ नव्हता.

तहसीलदार स्वतः कोंडवाड्यात आले, कास्तकाराबरोबर आम्हीही गेलो. अर्ज समोर धरून त्यांनी बैलाकडे पाहिलं, पुन्हा अर्जाकडे पाहिलं. "चित्रात या बाजूचं शिंग मोडलंय आणि बैलाचं त्या बाजूचं. हा बैल याचा नाही."

कास्तकाराचा चेहरा पांढराफटक पडला. "माहाच हाय साहेब! डावंच मोडलं त्याचं. रोज पायतो ना मी, वखरावर उभा राहून."

चाचांच्या तेव्हा लक्षात आलं. जन्मभर ज्याने बैल पाठीमागून पाहिला त्याचं डावं आणि समोर उभं राहून चित्र काढणाऱ्याचं डावं एक नव्हतं. ते पुढे झाले, साहेबाच्या हातातला कागद अदबीने घेतला आणि उलटा करून परत दिला. "साहेब, कास्तकार बैलाले मांगून पायते. तुमीबी मांगून पाहा."

पाठीवरचा, कार्बनने डाव्याचा उजवा झालेला काळा बैल समोरच्या पांढऱ्या बैलाशी तंतोतंत जुळला. कारकून तोंड फिरवून हसला. साहेब हसले नाहीत. मला वाटतं, त्यांना बैल पटला होता. पण आपला हुकूम मोडलेला त्याहून जास्त दिसत होता. ते म्हणाले, "चित्राचा अर्ज मी घेत नाही. हा बाद, नवा उद्या करा." उद्या म्हणजे लिलावानंतर. मग म्हणाले, "नाहीतर यापुढे एकही चित्र काढणार नाही असं लिहून द्या. बैल आत्ता सोडतो."

चाचांनी वाद घातला नाही. झाडाखाली येऊन बसले आणि ते चार ओळींचं इंग्रजी त्यांनी स्वतः टाइप केलं. अक्षरं न मोजता. मी त्यांना इतकं भराभर टाइप करताना कधी पाहिलं नव्हतं. खाली सही केली आणि कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, "जाय, देऊन ये. बैल उपाशी हाय." मला तेव्हा फार वाईट वाटलं. पुढे मला कचेरीत नोकरी लागली तेव्हा त्यांनी शिकवलेल्या बोटांनीच लागली, म्हणून तर अजूनच वाटलं.

साहेबांनी बैल सोडला आणि दिलेला शब्द चाचांनी पाळला. मी कचेरीत रोज त्यांचे अर्ज पाही, स्वच्छ, सरळ, एका मापाचे. साहेब बदलले, पुढचे साहेब चित्रांना हरकत घेतील असे नव्हते, पण चाचांनी विचारलं नाही. एकदा मधल्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ सुपारी खात उभा होतो. वाटणीत दिरांनी विहीर बळकावल्याची तक्रार घेऊन आलेली एक बाई अर्ज तयार होण्याची वाट पाहत बसली होती. चाचांनी कागद दिला. तिने तो वरून खालपर्यंत पाहिला, उलटून पाहिला. मग विचारलं, "चाचा, याच्यात माही विहीर कोठी हाय?"

चाचांनी चष्मा पुसला. चौथ्या ओळीतल्या एका शब्दाखाली बोट ठेवलं. मी वाकून पाहिलं, बोट बरोबर जागी होतं.

"हे पाय बाई. हे इथं."

ती त्या चार इंग्रजी अक्षरांकडे बराच वेळ पाहत राहिली. मग "तुमी म्हनता तं असंन," असं म्हणून तिने अंगठा पुढे केला.