जॅकवर कसलेला बुश

नागपूरजवळच्या वाडीतल्या ट्रकवाल्यांना रुपराव कमानीवाला ठाऊक आहे, जयवंताबाई कोणाला ठाऊक नाही. काम मात्र तीच करते. त्यांच्या शेडला लागूनच माझं ऑइलचं दुकान आहे, म्हणून हे सगळं मला बघावं लागलं. अजूनही ते गळ्याखाली उतरत नाही.

रुपरावचे हात थरथरायला लागून बरीच वर्षं झाली. तेव्हापासून गाडीखाली त्याची बायको. उमरेडच्या विणकराघरची, माहेरी मागावर बसलेली बाई. कमानीचे, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगचे पाटे उतरवायचे, त्यांच्या टोकाच्या भोकातला झिजलेला रबरी बुश ठोकून काढायचा, साबणाचं पाणी लावून नवा दाबून बसवायचा, हे सगळं तिचं. पण बाईनं गाडीला हात लावलेला ड्रायव्हर लोकांना खपत नाही. म्हणून गिऱ्हाईक जेवायला गेलं की ती खाली शिरायची, येताना दिसलं की बाहेर येऊन चहा ठेवायची, आणि शेवटचे बोल्ट गिऱ्हाइकादेखत रुपराव कसायचा.

"भाऊ, येकडाव तरी चार लोकाइत म्हनावं त्यायनं, का हे काम माही बायको करते," ती मला म्हणाली होती. एवढीच तिची हौस. मी रुपरावच्या कानावर घातलं, तर तो हसला.

"मंग गाड्या कोन देईन मले?"

इथलेच गोदामवाले बाबनराव एकदा त्यांची जुनी जीप टाकून गेले. पाटे कुरकुरत होते. बुश बदलून झाले, बोल्ट जयवंताबाईनं नुसते हातानं फिरवून ठेवले, गाडी अजून जॅकवरच होती, तेवढ्यात बाबनराव परत आले. त्यांना घाई होती. ती बाहेर आली. रुपरावनं पाना उचलला.

"अजी, पयले गाडी खाली घ्या," ती हळूच म्हणाली.

"तुले काय समजते वं? चूप राय!"

तिला समजत होतं आणि त्यालाही. त्यानंच तर तिला शिकवलं होतं. गाडी चाकांवर उभी करायची, पाट्यांवर वजन येऊ द्यायचं, मगच कसायचं. अधांतरी कसलं तर वजन येताच रबर पिळतं आणि फाटतं. पण गिऱ्हाइकासमोर बायकोचं ऐकायचं कसं? त्यानं दात-ओठ खात सगळे बोल्ट तिथंच, हवेत कसले.

हप्ता झाला नाही तोच बाबनराव जीप घेऊन परत आले. तोंडाचा पट्टा सुटलेला. दोन ट्रकवाले आणि मी तमाशा बघायला जमलो.

"काय कसलं रुपरावजी तुमी? बुश पार फाटून गेले!"

रुपराव जॅककडे बघत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "म्या नाई कसले. गाडीखालचं काम माही बायको करते."

चार लोकांतच म्हणाला. मला त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला. जयवंताबाई चुलीपाशी उभी होती, हातात चहाचं पातेलं. मी तोंड उघडणार, इतक्यात तीच म्हणाली, "हाव. म्याच कसले."

"घरातलं काम करत जाय वं," बाबनराव म्हणाले.

ते गेल्यावर मी तिला विचारलं, "काहून खोटं बोलली?"

"खरं बोलली असती, तं कोनं मानलं असतं, भाऊ?"



आता रुपरावनं शेडमध्ये हिरवी ताडपत्री आडवी बांधली आहे. "आतमंदी धूळ जाते," असं लोकांना सांगतो. नागपूरचा मे महिना, वर पत्रा, आणि त्या ताडपत्रीमागे ती गाडीखाली आडवी असते. परवा बाबनराव दुसरी गाडी घेऊन आले. उतरल्या उतरल्या त्यांनी विचारलं, "या खेपेला तुमीच कसान नं?"

"मीच जी," रुपराव म्हणाला. "बाईले घरी बसवलं."

ताडपत्रीमागे पाना वाजत होता. बाबनरावांनी तिकडे बघितलं, मग खुर्ची ओढली आणि पाय लांब करून बसले.