सकीनाच्या शेडमध्ये प्रेक्षक नसतात

जळगावहून शिरपूरला चोपड्यावरून जवळ पडतं. तरी मी धुळ्याची बस धरली. सत्तरी ओलांडलेली बाई सरळ रस्त्यानं गेली की घरचे निर्धास्त होतात, आणि ते मला बघवत नाही. शिवाय धुळ्याच्या स्टँडजवळची शेवभाजी डॉक्टरांनी बंद केली आहे. ती खायची तर डॉक्टरांपासून लांबच जायला हवं.

पारोळ्याच्या किल्ल्याजवळ फोन वाजला. सकीना.

"ताई, आबांनी सोफा पाठवलाय. पांढरा! काय करू त्याचं?"

सकीना सिद्दी आहे. सिद्दी म्हणजे शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून इकडे आलेल्या लोकांचे वंशज. तिचं माहेर भरूचकडचं, नवरा शिरपुरात ट्रकचा मिस्त्री. काही वर्षांपूर्वी तिनं आबांच्या बंद पडलेल्या जिनिंगची (कापसातून सरकी काढण्याचा कारखाना) शेड मागून घेतली आणि महिन्यातल्या एका गुरुवारी तिथे धमाल सुरू केली. धमाल म्हणजे सिद्दींचे ढोल, गाणी आणि नाच. गल्लीतल्या बायका येतात, सातपुड्यातले पावरा आदिवासी वादक आपले ढोल घेऊन उतरतात.

यंदा त्या शेडला गोडाऊन म्हणून मागणी आली होती. द्यायची की राहू द्यायची, हे आबा आजची धमाल बघून ठरवणार होते. सोबत दोन पाहुणे आणणार होते. निरोप आला होता: मोरपिसं लावा, पानांचे घागरे घाला, तोंडावर पट्टे ओढा आणि शेवटी डोक्यावर नारळ फोडून दाखवा.

मला बोलावणं होतं ते प्रमुख पाहुण्यांची तज्ज्ञ म्हणून. जळगावात मी बरीच वर्षं कला मंडळ चालवलं. तिशीतली मी म्हणजे काठपदराची साडी नेसलेलं वेळापत्रक. स्वागत, परिचय, सत्कार, आभार, आणि मधे चुकून थोडं गाणं. एकदा एका गायकाला मी घड्याळ दाखवून ताना आवरायला लावल्या होत्या आणि घरी येऊन स्वतःच्या शिस्तीवर खूश होऊन झोपले होते.

शिरपूरला पोचले तेव्हा ऊन कलत होतं. सकीनानं आधी जेवायला बसवलं. कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली), ठेचा, वर कच्चं तेल.

"बाजारात नवीन माणूस विचारतो, 'कथानी शे तू?' मी म्हणते, 'आठेनीच शे,' इथलीच. त्याला पटत नाही. 'पण आफ्रिकातून कव्हय उनी?'"

"मग?"

"म्हणते, आज सकाळी, दहाच्या यष्टीनं."

आम्ही ठसका लागेपर्यंत हसलो. मग ती गंभीर झाली. "पिसं लावली तर शेड राहील, ताई. पण मग इथे आम्ही राहणार नाही, पिसंच राहतील."

ती आंघोळीला गेली आणि माझ्यातली सेक्रेटरी जागी झाली. दोन बायकांना हाताशी धरून मी सोफा अगदी पुढे, मधोमध लावला. सोफ्याच्या हातावर मोगऱ्याचा हारही ठेवला.

सकीना ओले केस पुसत आली आणि थबकली.

"ताई, इथे पुढची जागा एकाचीच असते."

तिनं जेठांना (थोरल्या दिरांना) हाक मारली. दोघांनी पायांवर उभा राहणारा मोठा ढोल, मुगरमान, उचलून सोफ्यावर ठेवला. माझा हार त्याला घातला, समोर लोबान पेटवला. लोबानाचा धूर दिल्याशिवाय मुगरमानवर थाप पडत नाही, ही त्यांची रीत.

नेमके तेव्हाच आबा पाहुण्यांना घेऊन आले.

"सकीना, हे काय? मी कुठे बसू?"

"आबा, आठे बठ्ठा खालेच बसतस."

"माझे गुडघे आहेत का खाली बसायचे?"

"मग उभे राहा. पण जो उभा, त्यानं हे वाजवायचं." तिनं त्यांच्या हातात खुळखुळा दिला. करवंटीत खडे भरून वर कापड शिवलेला. माई मिसरा म्हणतात त्याला. माझे गुडघेही आबांसारखेच, म्हणून मीही एक घेऊन शेजारी उभी राहिले.

"तुम्ही तरी समजवा तिला," आबा पुटपुटले. "कार्यक्रम असा असतो का?"

"जसा असतो तसा मी आयुष्यभर केला, आबा. माझ्याकडे एकही माणूस जागचा हलला नाही."

मुगरमान खाली उतरला. सोफा रिकामाच राहिला. जेठांच्या अंगात गॅरेजचा निळा शर्ट, सकीना रोजच्या सलवार-कमीजमध्ये. पिसं नाहीत, पट्टे नाहीत. पहिली थाप पडली ती कानाआधी पोटात पोचली. रिंगण फिरू लागलं, पावरा ढोल त्यात मिसळले आणि आम्ही उभे होतो ती कड कधी आत ओढली गेली, कळलंच नाही. पाहुणे थोडा वेळ मोबाईल धरून उभे राहिले, मग गाडीत जाऊन बसले. आबा खुळखुळा वाजवत होते. ताल साफ चुकत होता. माझाही.

ढोल थांबल्यावर आबांनी घाम पुसला. "आणि नारळ?"

"ज्याच्या अंगात हाल येतो, भान हरपतं, तो फोडतो, आबा. आज कुणाला नाही आला."

"मी पाहुण्यांना सांगून आणलं होतं, सकीना."

"मला ठाऊक शे."

आबा गाडीकडे वळले. सकीना बराच वेळ शेड झाडत राहिली, झाडून झालेली जागासुद्धा.

सकाळी टेम्पो आला. म्हातारा हमाल म्हणाला, "सोफा न्यायला सांगितलाय."

सकीनानं ओढणीला बांधलेली शेडची किल्ली सोडली. "आणि ही?"

"किल्लीचं काही बोलले नाहीत."

"नीट आठवून सांगा, नाना."

"अक्का, फक्त सोफा. आणि त्यांच्याकडे तुमचा खुळखुळा राहिलाय म्हणे. पुढच्या खेपेला येतील तेव्हा आणतील."

सकीना तिथेच उंबऱ्यावर बसली. किल्लीची गाठ तिला तीनदा बांधावी लागली.

परतताना चोपड्याची बस धरली. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, आणि माझ्या डोक्यात माझं मंडळ. कोण कुठे बसणार, हे ठरवण्यात मी अख्खी तरुणपणाची ताकद घातली. आपण जागा चालवतो म्हणजे माणसं नीट बसवतो, अशी माझी समजूत होती. सकीना तशी कुणाला बसवत नाही. ती फक्त एक गोष्ट, ढोलाचा मान, जागची हलू देत नाही, आणि बाकी सगळ्यांना हलायला मोकळं सोडते. हे तिशीतल्या मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला आभारप्रदर्शनात एक मिनिट दिलं असतं.

घरी सुनेनं विचारलं, "कसा झाला कार्यक्रम, आई?"

"नीट दिसला नाही गं," मी पाय चोळत म्हणाले. "मी मधेच होते."