चाकापर्यंत पोचणारे घोडे

गाडी दारात आली की मिस्त्री बॉनेटकडे जात नसत. ते चाकापाशी उकिडवे बसत आणि ताप बघायला पोराच्या कपाळाला लावतात तसा उलटा हात चाकाच्या मध्याला लावत. एक झालं की दुसरं, मग तिसरं, चौथं. गाडीवाला तोवर घाईघाईने बॉनेट उचलून धरून उभा असे.

"टाक ते खाली," मिस्त्री म्हणत. "इंजिन काय म्हणतंय ते ऱ्हाऊ दे. चाक काय म्हणतंय ते बगू."

इंदापुरात हायवेच्या कडेला माझं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि भिंतीला भिंत लावून त्यांचं गॅरेज. गोष्ट नव्वदीच्या मधल्या वर्षांतली आहे. लोक "इंजिन बसलंय" म्हणत यायचे आणि माझा हात आपोआप फळीवरच्या पिस्टनच्या खोक्याकडे जायचा. पण मिस्त्री चाकं चाचपून, कुठे ब्रेक सैल करून, कुठे बेअरिंगला ग्रीस भरून गाडी वाटेला लावायचे. माझं खोकं फळीवरच राहायचं.

"मिस्त्री, तुम्ही शेजारी आहात का वैरी?" मी एकदा सरळच विचारलं.

"वहिनी, पिस्टन काय नासका माल हाय व्हय? गरज लागली की पयला माणूस तुमच्याकडंच धाडतो."

आणि ते धाडत. मात्र खरी गरज असली तरच. असा शेजारी तुम्हालाही कधी लाभला असेल, तर धंद्याला तो किती त्रासदायक असतो हे मी वेगळं सांगायला नको.

त्यांचं शिक्षण सातवीपर्यंतचं. पुढचं सगळं बारामतीच्या एका गॅरेजात, गाडीखाली उताणं पडून. पण एक गोष्ट त्यांनी पक्की धरली होती, ती म्हणजे कंपनीच्या पुस्तकात लिहिलेली ताकद इंजिनाची असते आणि गाडी चालते ती चाकापर्यंत पोचलेल्या ताकदीवर. गिऱ्हाइकाला हे पटवताना त्यांना कालवा पुरायचा.

"धरणातनं सुटलेलं समदं पाणी टेलच्या शेतात येतं का?"

टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी हसायचा. "निम्मं आलं तरी गुलाल उधळू."

"मग? इंजिन म्हंजे धरण. मदी गिअरबॉक्स हाय, शाफ्ट हाय, बेअरिंगं हायती, टायर हाय. जो तो वाटंत थोडं थोडं पितो. शंभरातलं वीस गेलं तर चालतंय, ती वाटंची दस्तुरी. त्याच्या वर गेलं तर चोर हुडकायचा. त्यासाटी धरण कशाला फोडायचं?"

हे नुसतं बोलणं नव्हतं, ते मोजायचे. गावाबाहेर कालव्याच्या पुलावर चढणारा रस्ता त्यांचा मोजायचा काटा होता. गवंड्याची पाणी भरलेली नळी लावून त्यांनी त्या चढाची उंची काढून ठेवली होती. खाली एक चुन्याची रेघ, वर एक. साखर कारखान्याच्या काट्यावर गाडीचं वजन करायचं, मग खालच्या रेघेपासून वरच्या रेघेपर्यंत ती किती सेकंदांत चढते ते बघायचं. "पाऊण क्विंटलचं पोतं एका सेकंदात मीटरभर वर उचललं की एक घोडा," हे त्यांचं हॉर्सपॉवरचं कोष्टक. सपाटीवर गाडीला लागणारी ओढ ते त्यात अंदाजाने मिळवायचे. आमचे हे शाळेत खेळाचे शिक्षक. त्यांच्या धावण्याच्या शर्यतीचं घड्याळ मिस्त्री मागून न्यायचे. पुढे पुढे घड्याळासोबत मलाही न्यायला लागले, कारण त्यांच्या मते सेकंद मोजताना गाडीवाला नेहमी दयाळू होतो. माझ्यावर तो आरोप कोणी केला नव्हता.

कळंबचा बिरा आला तो उन्हाळ्यातल्या एका दुपारी. त्याच्या वडिलांचा, आबांचा, मेंढरांचा मोठा वाडा होता. दरवर्षी दसऱ्यानंतर सगळं घर मेंढरांमागे कोकणाच्या दिशेने निघायचं आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. बिराच्या थोरल्या मुलीला तीन वर्षं लागोपाठ पहिलीतच बसवलं होतं, कारण वार्षिक परीक्षेला ती गावात नसायची. शेवटी आबांनी बरीचशी मेंढरं विकली आणि बिराने एक जुनी डिझेल जीप घेतली. आता एका ठेकेदाराला लोणी देवकरच्या बाजूला कामगार पोचवायला रोजची गाडी हवी होती. पण बिराची जीप भरली की चढावर रडायची. ठेकेदाराने चार दिवस दिले होते. सोळा माणसं घेऊन, मध्ये न थांबता, कालव्याचा चढ चढून दाखवला तर काम बिराचं, नाही तर दुसऱ्याचं.

"बारामतीला दाखवलं," बिरा म्हणाला. "इंजिन बोअर करा म्हणत्यात. धा दिवस लागतील. तवर काम जाईल, मिस्त्री. आन् काम गेलं की जीप इकायची आन् दसऱ्याला पुन्हा मेंढरामागं. पोरगी चौथ्यांदा पहिलीत."

मिस्त्री चाकापाशी बसले होते. मागच्या डाव्या चाकावर त्यांचा हात जरा जास्त वेळ राहिला. "उद्या सोळा माणसं भरून आण," ते म्हणाले. आधी मोजायचं आणि मग बोलायचं, ही त्यांची शिस्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिरा कळंबहून सोळा माणसं घेऊन आला. भाऊबंदच सगळे, पागोटी-टोप्यांसकट काट्यावर तोलले गेले. त्यांत आबाही होते. काट्यावरचा माणूस म्हणाला, "लोकरीचं वजन वजा करायचं का?" त्यावर आबांनी त्याला जी शिवी दिली ती मी लिहीत नाही.

मी वरच्या रेघेपाशी घड्याळ घेऊन उभी राहिले, मिस्त्री माझ्या शेजारी. खालच्या रेघेवर एकाने रुमाल हलवला, मी कळ दाबली. जीप झोकात वर आली. मिस्त्रींनी विटकरीच्या तुकड्याने पुलाच्या कठड्यावर गणित मांडलं. पुस्तकातले घोडे बेचाळीस. चाकावर निघाले तेहेतीस.

"म्हंजे?" बिराने विचारलं.

"म्हंजे गाडीला कायबी झालेलं न्हाय."

जल्लोष झाला. कोणीतरी चहा सांगायला धावलं. पण मिस्त्रींचा चेहरा उतरला होता. गणित चुकलं असतं तर ते चिडले असते, इथे गणित फार छान आलं होतं आणि काल त्यांच्या हाताला लागलेली चाकाची ऊब त्याच्याशी जुळत नव्हती. ते जीपच्या मागे गेले आणि माणसं मोजायला लागले.

"पाच? बाकीचे अकरा कुठं हायती?"

चढावरून अकरा जण रमतगमत, तंबाखू मळत वर येत होते. सर्वांत पुढे आबा.

आता हे तुम्ही इंदापूरकडच्या जीपने फिरला असाल तरच समजेल. तेव्हाच्या भरलेल्या जीपमध्ये मागच्या पायदानावर लोंबकळणाऱ्यांचा एक अलिखित नियम होता. चढ आला, ड्रायव्हरने गिअर बदलला, की टुणकन खाली उतरायचं, चालत वर जायचं आणि पुढे पुन्हा लटकायचं. कोणाला सांगावं लागत नसे. अंगवळणी पडलेली माणुसकी होती ती.

"आरं, तुमाला वजन म्हणून आणलं होतं!" मिस्त्री ओरडले.

"गाडी दमली होती," आबा म्हणाले. "जनावर दमल्यालं कळतंय की आमाला. वर बसून ऱ्हायाचं व्हय?"

मिस्त्रींनी डोक्याला हात लावला. मग ते हसायला लागले आणि इतके हसले की कठड्यावर बसावं लागलं. मीही हसले. घड्याळ लावताना मी फक्त जीपचं पुढचं चाक बघत होते. सेकंदांच्या बाबतीत मी कठोर होते, माणसांच्या बाबतीत आंधळी.

दुसऱ्या खेपेला माणसांना आत कोंबून मागे दोरी बांधली. जीप कण्हत, धूर सोडत, कशीबशी वर आली. चोवीस घोडे. मिस्त्री एकदम खूश झाले. डॉक्टरला रोग सापडल्यावर जो आनंद होतो आणि रोग्याला जो समजत नाही, तो हा आनंद.

मग सपाटीवर जीप पळवून न्यूट्रलला सोडली. अशी दुसरी कोणतीही जीप पुढच्या विहिरीपर्यंत आरामात घरंगळत जायची. बिराची त्याच्या निम्म्यात थांबली.

"इंजिन तर मोकळं हाय," मिस्त्री म्हणाले. "मग तिला धरतंय कोण?"

दोन चोर सापडले. एक टायरांतली हवा. बिरा ती मुद्दाम कमी ठेवायचा, कारण मग पाशिंजरला गाडी मऊ लागते. दुसरा चोर मागच्या चाकांत होता. जीप घरी उभी केली की आबा बजावायचे, नीट बांध. बिरा मग दोन्ही पाय टेकवून हँडब्रेक ओढायचा. चिखलाने आणि गंजाने ती केबल इतकी अडकली होती की ब्रेक सुटला असं दिसायचं, पण आत तो धरूनच असायचा. शिवाय आबा एक दोरी घेऊन जीप बाभळीलाही बांधायचे, हे तेव्हा उघडकीला आलं.

"आबा, ही काय मेंढी हाय का?"

"मेंढी परवडली," आबा म्हणाले. "ती हाक मारली की येती."

मिस्त्रींनी एका दिवसात केबल बदलली, ब्रेक सैल केले, हवा भरली. माझ्या दुकानातून गेली एक केबल आणि थोडं ग्रीस. बिरा आला तेव्हा काढलेलं पिस्टनचं खोकं मी परत फळीवर ठेवलं.

मिस्त्री आता नाहीत. गुडघे गेल्यावर ते गॅरेज बंद करून गावी गेले, आणि गाडीखाली शिरता येत नाही म्हटल्यावर फार दिवस राहिलेही नाहीत. गॅरेजच्या जागी सध्या मोबाइलचं दुकान आहे. त्यांनी दुरुस्त केलेल्या शेकडो गाड्यांपैकी मला ही एकच नीट आठवते, आणि त्याचं कारण चौथ्या दिवशीची सकाळ.

ठेकेदार पुलावर येऊन बसला होता. बिराची बायको मुलीला घेऊन आली होती. ती नुसती चढाकडे बघत उभी राहिली. खाली मिस्त्रींची धावपळ चालली होती. त्यांना इंजिनाची काळजी नव्हतीच, काळजी होती ती कळंबकरांच्या पायांची. त्यांनी मागचं पायदान नटबोल्ट काढून बाजूला ठेवलं, प्रत्येकाला हात देऊन वर चढवलं, आणि मागे दोन्ही कडांना बसलेल्यांना आबांचे दंड धरायला लावले.

"आबा, आज उतरायचं न्हाय. आज गाडी दमत न्हाय."

"बगू," आबा म्हणाले.

जीप निघाली. रेघ ओलांडली, गिअर बदलला. त्या क्षणी आबा अर्धे उठलेले मला वरूनसुद्धा दिसले. दोघांनी त्यांना खाली ओढलं. जीप कण्हली नाही. एका लयीत, सोळाच्या सोळा माणसं घेऊन ती वर आली, आणि वर आल्यावर थांबायचं कोणाच्या लक्षातच राहिलं नाही. हॉर्न वाजवत, आरोळ्या ठोकत ती पुलावरून तशीच पुढे लोणीच्या दिशेने गेली. ठेकेदार ओरडला, "आरं थांबा, मला तरी घ्या!" बिराची बायको मुलीचा हात धरून जीपमागे पळत सुटली.

पूल रिकामा झाला. मग चढावरून मिस्त्री एकटे येताना दिसले, खांद्यावर पायदान घेऊन, सावकाश. त्यांना जीपमध्ये घ्यायचंच राहिलं होतं.

वर पोचून त्यांनी पायदान खाली टेकवलं, दम खाल्ला आणि खिशातून विटकरीचा तुकडा काढला.

"किती, वहिनी?"

मी घड्याळाकडे बघितलं. काटा शून्यावर होता. मी कळच दाबली नव्हती. एवढा वेळ माझे दोन्ही हात टाळ्या वाजवत होते.

"अकरा सेकंद," मी ठामपणे सांगितलं.

मिस्त्रींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग चढाकडे. "अकरात येईल एवढी तरणी न्हाय ती," ते म्हणाले. "तेरा धरू." आणि कठड्यावर तेरा लिहून ते शांतपणे गणिताला बसले.