टँकरमामा बोलायचे तेव्हा

टँकरमामा हातानं जे करत ते तोंडानंही सांगत. "झाकण लावलं. पाना ठेवला. दार वढलं." ऐकायला कुणी नसलं तरीही. दुष्काळात आमच्या सहकारी कारखान्याचं गाळप बंद पडलं आणि कारखान्याचे टँकर गावोगावी पाणी नेऊ लागले. ते सोडायचं काम मामांचं.

कुठं कोणता टँकर, ही यादी काढणारा प्रोग्रॅम माझा. नातवंडं मला हुशार समजतात, म्हणून त्यांना हे अजून सांगितलेलं नाही. डिप्लोमावाली मी, संगणकाच्या खोलीबाहेर सगळ्यांना चपला काढायला लावायची आणि स्वतः आत पंख्याखाली शेंगा खात बसायची. मामा दारातूनच विचारत, "बाई, तुमचं मशीन कावून गप असतं? काय केलं, काय सोडलं, सांगावं की त्यानं." सिस्टिममध्ये लॉगची, म्हणजे केलेल्या कामाची नोंद ठेवायची, सोय आयती होती. माझ्या प्रोग्रॅमनं तिथं संदेश लिहावेत म्हणून फक्त चार ओळी घालायच्या होत्या. मी म्हटलं, "त्याला तुमच्यासारखी बडबडायची खोड नाही, मामा."

"गप काम करणाऱ्याची मला लई भीती वाटती," ते म्हणाले.

एका सकाळी यादी घेऊन आले. "धारूरच्या डोंगरातली वरची वस्ती दिसंना, बाई." यादीत नाव नसेल तिथं टँकर सोडायची त्यांना परवानगी नव्हती.

"मशीन विसरत नाही. चष्मा पुसा."

"पुसला," पुसून म्हणाले. "तरी न्हाई."

तीन दिवस येत राहिले. चौथ्या दिवशी वस्तीवरची एक बाई आटलेल्या विहिरीत उतरली. तिला वर काढलं, तेव्हा ती गेलेली होती.

चौकशीत मी ताठ मानेनं सांगितलं, प्रोग्रॅम बरोबर आहे. मामा तीन दिवस विचारत होते, हे मात्र सांगितलं नाही. ठपका मामांवर आला, त्यांना घरी बसवलं.

मग माझा खरेपणा कागदावर यावा म्हणून मी त्या चार ओळी घातल्या आणि जुनी यादी पुन्हा चालवली. लॉगमध्ये उमटलं: वरची वस्ती, अंतर नोंदवलेलं नाही, वगळली. अंतर नसलेली नावं गाळायची शक्कल माझीच, त्याच आठवड्यातली. त्या डोंगराची वाट कुणी मोजलीच नव्हती.

चेअरमनसाहेब त्या लॉगचा छापलेला कागद न बघताच म्हणाले, "मिटलेलं उकरू नका." तशीच मी तो कागद घेऊन तेलगावला मामांच्या घरी गेले. मामा तो घेऊन दारात उभे राहून मोठ्यानं वाचू लागले. "यादी उघडली. पहिलं गाव घेतलं. टँकर लावला." बोट त्या ओळीवर आलं आणि थांबलं.

"मामा, चूक माझी होती."

त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली, आत गेले आणि दार लावलं. एक शब्दही न बोलता.