ॲप्रनला मासळीचा वास

नांदेडच्या प्रयोगशाळेत मी अमाइन नावाची रसायनं तपासते. बॉयलरच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड ती पकडून ठेवतात. वास मात्र थेट शिळ्या मासळीसारखा, चार धुण्यांतही न जाणारा.

त्या शनिवारी नवरा लातूरच्या स्टँडवर मला घ्यायला यायचं विसरला. मी तणतणतच ऑटोनं घरी पोचले. माझं सासर लिंगायतांचं, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. सासूबाईंनी माझ्या पिशवीतला ॲप्रन हुंगला आणि विचारलं, "मासळी खाऊन आलीस व्हय गं?"

"न्हाई हो आई, रसायनाचा वास हाय तो!" आणि घाबरून मी सगळंच सांगून टाकलं. एक अमाइन वायूला झटकन धरतं, पण मग सोडता सोडत नाही. सोडवायला त्याला लई तापवावं लागतं. दुसरं मंद. धरायलाच वेळ लावतं, पण जरा ऊब लागली की सोडून मोकळं होतं. एकेकट्यानं काम भागत नाही. म्हणून दोन्ही मिसळायची आणि कोणत्या प्रमाणात त्यांचं बरं जमतं ते बघायचं, एवढंच माझं काम.

सासूबाईंनी आधी माझ्याकडं बघितलं, मग खाली मान घालून शेंगा सोलत बसलेल्या आपल्या लेकाकडं.

"मंग त्यासाठी नांदेडला कशाला जातीस?" त्या म्हणाल्या. "तुमचं लगीन झाल्यापासून मी हितं घरात बसून तेच बघत आलेय."