अलमेलूबाईंच्या टाकीतली पांढरी अंडी

पाचव्यांदा अंडी पांढरी पडली तेव्हा अलमेलूबाई माशांच्या टाकीसमोर स्टूल ओढून बसल्या, त्या कॉफी गार होईपर्यंत उठल्याच नाहीत.

नुंगंबाक्कमच्या त्या तिसऱ्या मजल्यावर आता त्या एकट्याच राहत. तंजावरकडचं मराठी घराणं; चौतीस वर्षं मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवलेली. मासे खरं तर त्यांच्या यजमानांचे, नारायणस्वामींचे. बँकेतून आले की बाह्या दुमडून ते टाक्यांपाशी जात. बोटाच्या दोन पेरांएवढा ब्लू रॅम नावाचा मासा त्यांच्या विशेष लाडका. एका वर्षी इतकी पिल्लं झाली की कोलत्तूरच्या मासेबाजारातले दुकानदार घरी येऊन घेऊन गेले. अलमेलूबाई शेजारी बसून चित्रवह्या तपासत असत.

"अलमेलू, पाहा की, दगड घासताहेत. आता अंडी घालतील," ते म्हणत.

"आमा, हो, पाहते," त्या म्हणत, आणि मान वर करीत नसत.

गेल्या वर्षी ते गेले. टाकी कुणाला तरी देऊन टाकू, असं मुलगा म्हणाला. बाईंनी नको म्हटलं. जुने मासे वय होऊन गेले, तशी त्यांनी नवी जोडी आणली. जोडी चांगली जमली. दोघं मिळून सपाट दगड तोंडानं लख्ख करीत, अंडी घालीत, राखण करीत. आणि दुसऱ्या दिवशी अंड्यांवर कापसासारखी बुरशी.

शेजारच्या निधीला त्यांनी हे सांगितलं. ती नाशिकची, श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यात सुटे भाग तपासायच्या कामावर.

"मावशी, एकेक कारण तपासू," ती म्हणाली. "सगळं एकदम बदललं तर चूक कशात होती ते कळणारच नाही."

तिनं क्षार मोजायचं यंत्र आणलं. बोअरचं पाणी फारच जड निघालं. तेव्हा बाईंना आठवलं, यजमान गच्चीवर पिंपात पावसाचं पाणी साठवीत आणि त्यावरून आपण कुरकुरत असू. आता त्यांनी फिल्टरचं पाणी मिसळलं, बुरशीवर उपाय म्हणून बदामाची वाळकी पानं टाकली. तेवढ्यानं भागलं नाही, तेव्हा पाण्याची ऊब वाढवली. मग जोडीला त्रास नको म्हणून टाकीतले बाकीचे मासे बादलीत हलवले. मध्ये तीन महिने गेले. दर खेपेला अंडी पांढरीच.

"माझ्याकडचं सगळं संपलं, मावशी," निधी म्हणाली.

बाईंनी कपाटातून जुना रंगीत फोटो काढला. यजमानांनी आपल्या पहिल्या जोडीचा काढलेला. सहज म्हणून त्यांनी तो काचेला लावून धरला आणि हात तसाच राहिला. फोटोत एकाच माशाच्या पोटावर गुलाबी झाक होती. टाकीत दोघांच्या.

"कन्ना, बाळ, इकडं ये," त्या म्हणाल्या. "ह्यांत नर कोणता गं?"

निधी वाकून बघत राहिली. "दोघी माद्या?"

"म्हणून तर अंडी इतकी. दोघीही घालताहेत, आणि फळवायला कुणी नाही."

त्या हसू लागल्या, आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. "ते असते तर दुकानातच सांगितलं असतं. मी इतकी वर्षं शेजारी बसले, पण पाहिलं कुठं?"

रविवारी दोघी कोलत्तूरला गेल्या. दुकानदार आणखी एक जोडी पुढं करू लागला. बाईंनी नको म्हटलं आणि तासभर काचेतून पाहून पाठीवरचे काटे लांब असलेला, पोटावर गुलाबी नसलेला एक नर निवडला. एक मादी परत दिली.

पहिली अंडी त्या जोडप्यानं खाऊन टाकली. निधी हिरमुसली, पण बाई म्हणाल्या, नवीन आहेत, शिकतील. पुढच्या खेपेला अंडी पिवळसरच राहिली. तिसऱ्या दिवशी दगडावर शेपट्या वळवळू लागल्या आणि आठवड्याभरात बापामागून पिल्लांचा घोळका पोहू लागला. बाईंनी निधीला फोन केला. ती कंपनीच्या बसमध्ये होती. तिला नीट ऐकू येईना, तरी बाई सांगतच राहिल्या.

एकोणीस पिल्लं जगली. त्यांतली सहा निधीच्या खोलीत गेली. रोज संध्याकाळी अलमेलूबाई तिच्याकडे पाणी तपासायला जातात, आणि पोटं अजून रंगायची आहेत तोवर नर-मादी ठरवू नको, असं तिला बजावतात.