खारी बांधी

दामिनीचं म्हणणं एवढंच होतं, की तिच्या जमिनीला कुणी बरं करू नये. आंधळगावात ते कुणालाच पटत नव्हतं.

कालव्याच्या पाझराने घरामागची बांधी, म्हणजे धानाचा बांध घातलेला तुकडा, खारट होत गेली होती. उन्हाळ्यात मातीवर पांढरा थर धरायचा, धानाची रोपं लाल पडून बसायची. तिथे आपसूक माजली ती घोळ, डाळीत घालतात ती आंबटसर, जाड पानांची भाजी. मोहाडीतल्या एका लहानशा कारखान्यात या पानांचा अर्क काढतात, तो पुढे त्वचेच्या मलमांत जातो. तिथल्या हर्षाने दामिनीला समजावलं होतं, की मिठाचा जाच सोसताना घोळ स्वतःला वाचवायला पानात जे तयार करते, तेच आम्हाला हवं असतं. गोड मातीतली घोळ भाजीपुरती. सासरी बरीच वर्षं काढलेल्या बाईला हे समजायला वेळ लागला नाही.

यंदा पानं चाचणीत उतरली, तर अख्ख्या बांधीची घोळ कारखाना घेणार होता. त्या घरात पहिल्यांदाच एखादं काम दामिनीचं म्हणून चालणार होतं.

पण वाटेने जाणारा प्रत्येक जण आजाऱ्याला भेटायला आल्यासारखा बांधावर थांबे.

"जिप्सम टाक ना बाई."

"शेणखत देऊन पाय एकडाव."

हो हो म्हणून तिचं तोंड दुखायला लागलं.

चैत्रात ती चुलतबहिणीच्या लग्नाला कारध्याला गेली. परत येऊन पाहते, तर अर्धी बांधी काळीभोर. गावचा तलाव आटला होता आणि सासऱ्यांनी, टेकचंदांनी, ट्रॅक्टर लावून तिथला गाळ आणून पसरला होता. कमरेवर हात ठेवून ते शाबासकीची वाट पाहत उभे होते.

"मामाजी, हे काय केलं?"

"तुह्यासाठीच केलं. तू येईपर्यंत जमीन बरी करून ठेवतो म्हटलं. डिझेल संपलं, नाईतर पुरीच झाली असती."

"मी तुमाले सांगतलं होतं ना, तिले खारीच ठेवाची हाय म्हणून!"

"सांगतलं होतं. मले वाटलं, रागानं बोलली असशील."

सासूबाई दारातून म्हणाल्या, "लोकं गाळासाठी भांडून राहिले, अन् इचं पाय!"

नवरा, सचिन, मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला, "राहू दे ना. पाहू काय होते ते."

या 'पाहू'वर तिचा अर्धा संसार गेला होता.

गाळावर घोळ फुटली ती अंगठ्याएवढ्या पानांची, तकतकीत. खाऱ्या भागातली मात्र बारकी, लालसर, रुसल्यासारखी. टेकचंद रोज एक पान तोडून तिच्यापुढे धरत. "याले म्हणतेत पान! त्या पोरीले हेच देजो."

हर्षा आली, दोन्हीकडची पानं वेगवेगळ्या पिशव्यांत घेऊन गेली. मग तिचा फोन आला.

"ताई, खाऱ्या भागातली छान उतरली. गाळावरची दिसायला सुंदर, पण अर्कात काही नाही. असं मिसळून घेता येणार नाही, आणि अर्ध्या बांधीचा माल आम्हाला पुरत नाही. पावसाआधी गाळ निघाला, तर पुन्हा तपासते."

दामिनीने फोन ठेवला आणि फावडं उचललं. टेकचंद आडवे आले.

"तलावाचा गाळ फेकतेत का कोणी?"

"फेकत नाई. तुमच्या धानाच्या बांधीत नेऊन टाकते. येता का उचलू लागाले?"

ते बांधावर बसले. जन्मभर त्यांनी शेतात गाळ आणला होता, शेतातून बाहेर कधी नेला नव्हता. दामिनीने एकटीनेच घमेली भरायला घेतली. बऱ्याच वेळाने टेकचंद उठले, दुपट्ट्याची चुंबळ करून डोक्यावर ठेवली आणि पहिलं घमेलं उचललं. ते पाहून सचिनही मोबाइल खिशात घालून आला.

आता टेकचंद फावडं चालवत होते, पण वरवर.

"मामाजी, खालचा राहून राहिला."

"राहू दे ना बुडाशी थोडासा. काय बिघडते?"

"मामाजी!"

"बरं बरं, काढतो."

काढत होते, आणि दर ठिकाणी एक पातळसा काळा पापुद्रा मागे ठेवत होते. दामिनी पदर खोचून, खुरपं घेऊन त्यांच्या मागोमाग बसत गेली, पांढरी माती दिसेपर्यंत खरवडत.